गाणं म्हणा, आणि उत्तराची वाट बघा

(सप्टेंबरच्या पोषण महिन्यानिमित्त आपल्या महासंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे भाषण. सभेला येऊ न शकलेल्या बऱ्याच सदस्यांनी मागितलं, म्हणून छापत आहोत.)

 आजचा विषय तुमच्या मांडीवर बसलेल्या लेकरांचाच आहे.

मी गावात शिरले की तुमच्यातल्या काही जणी म्हणतात, "आली बाई, आता हप्ता विचारणार." आज हप्ता नाही, पासबुक नाही, दशसूत्री नाही. आज आपण गाण्याबद्दल बोलणार आहोत. हसू नका. ऐकून घ्या, मग हसा.

आधी हात वर करा. पाच वर्षांच्या आतलं लेकरू कुणाकुणाच्या घरात आहे? बघा, निम्म्याहून जास्त हात आले. आता खरं सांगायचं हं, इथं कुणी रागावणार नाही. काल त्या लेकराच्या हातात मोबाईल कुणी दिला? जवळजवळ तेवढेच हात. आता तिसरा प्रश्न. काल त्या लेकराला स्वतःच्या तोंडाने एखादं गाणं कुणी म्हटलं? हे बघा, बोटावर मोजण्याइतके हात. आणि त्यातही आज्यांचेच जास्त.

मला तुम्हाला दोष द्यायचा नाही. दोष देण्यात माझीच एकदा मोठी चूक झाली, ती पुढे सांगते.

तो एक तास कुठून काढू?

दोन वर्षांपूर्वी मी समाजकार्याची पदवी घेऊन या कामावर आले. पिशवीत तक्ते होते, वहीत मुद्दे होते. पहिल्याच बैठकीत मी सांगितलं, "रोज एक तास बाळासोबत खेळा, गाणी म्हणा." मागून एक वहिनी उठल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, तो एक तास कुठल्या तासातून काढू? पहाटेच्या पाण्याच्या, का रात्रीच्या भांड्याच्या?"

मला उत्तर आलं नाही. मी पुढचा मुद्दा वाचला.

उत्तर मला नंतर मिळालं, तेही पुस्तकात नाही, तुमच्या ओट्यावर. गटाच्या बैठकीला वेळ होता आणि एक आजी सुपात शेंगदाणे पाखडत बसल्या होत्या. नात समोर. आजी पाखडायच्या आणि सुपाच्या आवाजावर काहीतरी गुणगुणायच्या. मध्येच थांबायच्या. त्या थांबल्या की ती पोर दोन्ही हात हवेत हलवून "आँ, आँ" करायची, म्हणजे अजून म्हण. की आजी परत सुरू. दाणेही पाखडून झाले, पोरीशी खेळूनही झालं. आजींनी वेगळा तास काढलाच नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गाण्यासाठी वेळ काढायचा नसतो. जे काम हातात आहे, त्यात गाणं घालायचं असतं.

हे आपल्याकडे नवीन नाही. आपल्या आज्या-पणज्यांनी जात्यावर बसून ओव्या म्हटल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून त्या ओव्या गोळा केल्या, तर एक लाखाहून जास्त भरल्या. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करता करता त्या गाणी रचायच्या, मुलानं आणि नात्यातल्या माणसांनी ती लिहून ठेवली, आणि त्या गेल्यानंतर १९५२ साली त्यांचं पुस्तक निघालं. म्हणजे गाण्याला शाळा लागत नाही, गोड गळाही लागत नाही. कामात हात आणि मनात लेकरू असलं की पुरतं.

मी जात्याचं दळण परत आणा असं म्हणत नाही बरं का. चक्की आली ते बरंच झालं, बायांच्या खांद्यांचं दुखणं वाचलं. पण जात्याबरोबर गाणंही गेलं, ते मात्र जायला नको होतं.

पहाटेपासून रात्रीपर्यंत

मग ते कामात कसं घालायचं? तुमच्याच घरांत पाहिलेलं सांगते.

अंघोळ घालताना: तांब्याने पाणी घालण्याआधी एक, दोन, तीन म्हणा आणि तीनला पाणी. चार दिवसांत बाळ "दोन"लाच डोळे मिटून तयार होतं. त्याला पुढचं काय येणार ते कळलं. ताल म्हणजे तरी काय, पुढचं काय येणार हे कळणं. मालीश करताना पायावरून हात फिरवत पायाचं नाव घ्या, हातावरून फिरवत हाताचं.

भाकरी थापताना: लेकराला चुलीपासून लांब बसवा, पिठाचा गोळा द्या. तुम्ही थापा, त्यालाही थापू द्या. एका वहिनीने स्वतःच जोडलेलं गाणं मला फार आवडलं:

थाप थाप थाप, भाकर झाली गोल,
एक आईची, एक बाळाची, आता तोंड खोल!

ना पुस्तकातलं, ना मोबाईलवरचं. पण तिच्या पोराला ते इतकं आवडतं की शेवटच्या शब्दाला तो तोंड उघडूनच बसतो.

शेंगा फोडताना, लसूण सोलताना: वाटी आणि पळी द्या. वाजवू द्या. तुम्ही दोनदा वाजवा, मग थांबा. तेही दोनदा वाजवतंय का बघा. डब्यात मूठभर हरभरे घालून झाकण घट्ट लावलं की खुळखुळा तयार. पण झाकण निघणार नाही याची खात्री करा, दाणा नाका-घशात अडकतो.

हापशावर: लेकरू कडेवर नको, बाजूला उभं करा. दांडा वर गेला की त्यानं हात वर, दांडा खाली आला की त्यानं खाली बसायचं. तुमची घागर भरते, त्याची उठाबशी होते.

झोळीत घालताना: अंगाई सगळ्यांना येते. रोज तीच म्हणा. नवीन शोधू नका. आपल्याला कंटाळा येतो, लेकराला येत नाही. त्याला तेच तेच हवं असतं, कारण त्यातूनच त्याला शब्द ओळखू येतात.

आणि सण तर आपल्याकडे आहेतच. पंचमीचे झोके, मंगळागौरीचे खेळ, हादगा-भोंडला, कुठे भुलाबाई. फेर धरताना लहान लेकरांना बाहेर काढू नका, मध्ये घ्या. पाय चुकू द्यात. चुकलेला पायही नाचच आहे.

तुमच्यातल्या अंगणवाडीताई हे सगळं रोज करतात, बडबडगीतं, हावभाव, गोल फेर. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला कामाला सुरुवात केली, तेव्हा मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच वस्तीवर, मुलांच्या अंगणात नेली. आपल्या अंगणवाडीचं मूळ तिथं आहे. पण अंगणवाडी तीन-चार तासांची. उरलेलं अंगण घराचंच की.

मोबाईलही गातो, मग फरक काय?

हा प्रश्न मला एका सासूबाईंनी विचारला. "मोबाईलवर किती छान गाणी लागतात, रंगीत चित्रं असतात. माझा आवाज तर फुटक्या घागरीसारखा. लेकराला तेच बरं ना?"

मावशी, फरक एकच आहे, पण फार मोठा. मोबाईल थांबत नाही. लेकरानं हात हलवला, मोबाईल गातच राहतो. लेकरू हसलं, तो गातच राहतो. त्या शेंगदाणे पाखडणाऱ्या आजी मात्र थांबल्या होत्या. त्या थांबल्या म्हणून त्या पोरीला उत्तर देता आलं. आणि तिनं उत्तर दिलं म्हणून आजी परत गायल्या. हे देणं-घेणं झालं की मूल बोलायला शिकतं. आधी डोळ्यांनी बोलतं, मग हातांनी, मग "आँ आँ"नं आणि मग शब्दांनी.

म्हणून मी म्हणते, गाणं म्हणा आणि उत्तराची वाट बघा. एक ओळ म्हणायची, थांबायचं, लेकराच्या तोंडाकडे बघायचं. मनात तीन-चार आकडे मोजा. ते काहीतरी करतंच. जे करेल त्यालाच पुढची ओळ समजा.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्या आहेत. एक वर्षाच्या आत मोबाईल-टीव्ही अजिबात नको. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एका तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तितकं चांगलं. आणि एक वर्षानंतरच्या मुलांनी दिवसभरात सगळं मिळून तीन तास हालचाल करावी. चालणं, पळणं, नाचणं, चढणं, सगळं त्यात येतं. चालता न येणाऱ्या तान्ह्या बाळाला जागेपणी, आपल्या डोळ्यांसमोर, रोज थोडं थोडं पोटावर पालथं ठेवावं, सगळं मिळून अर्धा तास तरी. त्यानं मान आणि खांदे भक्कम होतात.

स्वयंपाक होईपर्यंत दहा मिनिटं मोबाईल दिला म्हणून कुणी वाईट आई होत नाही. पण ते दहा मिनिटांचं दोन तास कधी होतं, ते आपल्याला कळत नाही. म्हणून लक्ष ठेवायचं.

माझी चूक

आता ती चूक सांगते. ज्या वहिनींच्या घरची ही गोष्ट आहे त्यांना विचारूनच सांगतेय. नाव-गाव सांगणार नाही, तुम्हीही शोधू नका.

मागच्या वर्षी शेळीच्या कर्जाची पाहणी करायला मी त्यांच्या घरी गेले. दारात अडीच वर्षांचा मुलगा मोबाईल घेऊन बसला होता. आवाज पूर्ण मोठा, आणि मोबाईल गालाला चिकटवलेला. मी हाक मारली, बघितलं नाही. दोनदा मारली, नाही. वहिनी म्हणाल्या, "बोलत नाही अजून. आवाज कमी केला की रडतो."

मी शिकलेली ना! मला लगेच सगळं कळलं. मी म्हटलं, "वहिनी, हे मोबाईलचं व्यसन आहे. तुम्हीच सवय लावली. म्हणून बोलत नाही." हे मी शेजारच्या दोघी-तिघींसमोर बोलले. डायरीतही तसंच लिहिलं.

वहिनींनी मोबाईल बंद केला. पोरगं रडलं, मग थकलं, मग गप्प झालं. पण बोललं नाही. घरातले म्हणू लागले, "समन्वयक मॅडम पण म्हणाल्या, आईमुळेच झालं." माझं वाक्य त्यांच्या डोक्यावर फुटत राहिलं आणि मला पत्ताच नाही.

चार महिन्यांनी गटाची बैठक त्यांच्याच घरी होती. त्या सूपवाल्या आजीही होत्या. त्यांनी सूप हलवायला सुरुवात केली तसा तो मुलगा जवळ आला आणि त्यानं सुपावर हात ठेवला. हसला. आजी गुणगुणत होत्या, तो त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होता. आजींनी टाळी वाजवली, त्यानंही वाजवली. मला वाटलं, वा, लेकरू छान खेळतंय.

आजींना मात्र काहीतरी खटकलं. त्यांनी त्याला उलटं, पाठमोरं बसवलं आणि मागून तेच गाणं म्हटलं. काही नाही. मोठ्यानं म्हटलं. काही नाही. ताटली वाजवली. तो मातीत रेघा ओढत बसला होता, तसाच बसला. आजी मला म्हणाल्या, "मॅडम, हे लेकरू डोळ्यानं ऐकतंय."

आठवड्याभरात आशाताईंनी धावपळ केली. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या डॉक्टरांच्या पथकानं बघितलं, जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. तिथं 'बेरा' नावाची तपासणी झाली. मूल झोपलेलं असताना करतात, दुखत-खुपत नाही. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येतं, असं निघालं. मोबाईल तो गालाला का लावायचा ते तेव्हा समजलं. गाणं त्याला ऐकू येत नव्हतं, त्याची थरथर जाणवत होती. तो त्याच्या परीनं गाणं शोधत होता आणि मी त्याला व्यसन म्हणत होते.

मोबाईलनं मुलांचं बोलणं उशिरा होऊ शकतं, हे खरंच आहे. पण बोलत नाही म्हणजे मोबाईलच, हे मी तपासणीआधी ठरवून टाकलं. चार महिने वाया गेले. लहान मुलाच्या कानाच्या बाबतीत चार महिने फार असतात, कारण पहिल्या तीन वर्षांतच मेंदू आवाज ओळखायला सगळ्यात जास्त शिकतो.

पुढच्या बैठकीत मी त्या वहिनींची सगळ्यांसमोर माफी मागितली. दोष सगळ्यांसमोर दिला होता, तर माफीही सगळ्यांसमोरच पाहिजे. त्या म्हणाल्या, "मॅडम, माफीचं राहू द्या. दर आठवड्याला जिल्ह्याला जायचं भाडं कुठून आणू, ते सांगा." गटानं त्याच बैठकीत ठराव घेतला. अंतर्गत कर्जातून भाड्याला पैसे दिले, परतफेड सुगीनंतर. मशीन सरकारी योजनेतून मिळालं.

आता तो मुलगा बोलतो का? अजून नाही. मागून डबा वाजवला की वळतो. "बा" म्हणतो, कधी बापाला म्हणतो, कधी बकरीला. वेळ लागणार आहे. पण वहिनी रोज गातात. त्याला मांडीवर घेऊन, तोंड आपल्याकडे करून. तो त्यांच्या गळ्यावर तळवा ठेवतो. त्या थांबल्या की तो गळ्यावर थाप मारतो, म्हणजे अजून म्हण. ज्याला ऐकू कमी येतं त्यालाही गाणं पोचतं बरं का. मांडीच्या झोक्यातून, टाळीतून, गळ्याच्या थरथरीतून पोचतं.

कोणत्या खुणा बघायच्या

म्हणून गाणं हे नुसतं करमणुकीसाठी नाही. रोज गाणाऱ्या आईला लेकरू काय उत्तर देतं हे रोज दिसतं, आणि काही कमी असेल तर तिलाच आधी कळतं. या खुणा लक्षात ठेवा, कुणीतरी फळ्यावर लिहून घ्या:

तीन महिन्यांपर्यंत: मोठ्या आवाजानं दचकतं. रडताना आईचा आवाज आला की थोडं शांत होतं.

सहा महिन्यांपर्यंत: आवाज येईल तिकडे डोळे किंवा मान वळवतं.

एक वर्षापर्यंत: नावानं हाक मारली की बघतं. बा-बा, दा-दा, मा-मा असे आवाज काढतं.

दीड वर्षापर्यंत: काही शब्द म्हणतं. "चेंडू दे" असं साधं सांगितलेलं, हात न दाखवताही कळतं.

दोन वर्षांपर्यंत: दोन शब्द जोडतं. "आई ये", "पाणी दे" असं.

यातलं काही होत नसेल तर "त्याचा बापही उशिरा बोलला होता" म्हणून थांबू नका. आशाताईंना सांगा. घरात ताटली वाजवून बघणं म्हणजे तपासणी नव्हे, त्यावरून काहीच ठरवू नका, माझ्यासारखं तर मुळीच नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा तपासतं. त्या दिवशी मजुरी बुडाली तरी चालेल, लेकराला घेऊन जा. आणि तुमच्या माता-बाल संरक्षण कार्डावर कोणत्या महिन्यात बाळानं काय करावं त्याची चित्रं आहेत. ते कार्ड फक्त लसीसाठी नसतं. वाचता येत नसेल तर चित्रं बघा.

कान वाहत असेल तर दवाखान्यात दाखवा. कानात तेल घालू नका, काडी, पिन घालू नका. आणि वरातीत, मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर तान्हं बाळ घेऊन नाचायला जाऊ नका. आपल्याला छातीत धडधडतं, त्याचे कान तर किती कोवळे.

हलवताना, नाचवताना

दोन-तीन गोष्टी सांभाळा. चार-पाच महिन्यांपर्यंत बाळ मान नीट धरत नाही, तेव्हा नाचवताना मानेखाली हात हवाच. कितीही रडलं तरी बाळाला गदागदा हलवायचं नाही, डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. राग आला तर बाळ खाली ठेवा, दुसऱ्या कुणाला बोलवा, दोन मिनिटं बाहेर जा. वर फेकून झेलायचं नाही, हे मामा-काकांना सांगा. आणि मनगट धरून लेकराला उचलायचं, गरगर फिरवायचं नाही. लहान मुलाच्या कोपराचा सांधा त्यानं निसटतो. काखेत हात घालून उचला, मग फिरवा हवं तेवढं.

कोपीवर, बांधावर, आणि बापाच्या मांडीवर

आपल्यातल्या कित्येक जणी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्या म्हणतील, मॅडम, आमच्याकडे ना ओटा ना अंगण, कोपी असते आणि पहाटे चारची गाडी असते. खरंय. तुमचं काम सगळ्यात अवघड. तुम्हाला मी एकच सांगते. रात्री कोपीत निजताना एक अंगाई, आणि ती रोज तीच. गाव बदललं, फड बदलला, पण आईचं गाणं तेच राहिलं तर लेकराला तेवढं तरी घर सापडतं. आणि जाण्याआधी त्याचं कार्ड सोबत घ्या, तिथल्या आशाताईला दाखवा.

दुसरं म्हणजे हे सगळं आईनंच करायचं असं कुणी सांगितलं? तुमच्या डोक्यावर आणखी एक काम टाकायला मी आले नाही. गावात भजनी मंडळ आहे, लेझीम आहे, हलगी वाजवणारे आहेत. ज्या बापाला टाळ धरता येतो त्याला लेकरू मांडीवर धरता येत नाही का? त्या मुलाच्या वडिलांनाच बघा. दिवसभर ट्रॅक्टरवर असतात. पहिले त्यांना लाज वाटायची. आता रात्री मुलाला मांडीवर घेऊन परातीवर हलगीचा ठेका धरतात. मुलगा परातीवर हात ठेवून बसतो. वहिनी म्हणाल्या, "तेवढ्यात माझी भांडी होतात." बघा, तो एक तास कुठून काढायचा, त्याचं हेही एक उत्तर.

आपण काय ठरवायचं

आज सभेपुढे तीन गोष्टी ठेवते. पटल्या तर ठराव घ्या.

एक, प्रत्येक गटाच्या बैठकीत वसुली आणि बचत लिहून झाली की पाच मिनिटं लेकरांसाठी. सतरंजीच्या मध्ये लेकरं, भोवती आपण. प्रत्येक बैठकीत एका आजीनं एक गाणं शिकवायचं. गटातली एक मुलगी ते वहीत लिहून ठेवेल.

दोन, त्या पाच मिनिटांत कुणाचं लेकरू आवाजाला, हाकेला उत्तर देत नाही असं वाटलं, तर आईला एकटीला बाजूला घेऊन सांगायचं. सगळ्यांसमोर नाही. आणि दोष न देता आशाताईंकडे सोबत जायचं.

तीन, अशा तपासणीच्या भाड्यासाठी अंतर्गत कर्ज मागितलं तर ते आधी द्यायचं, नंतर चर्चा करायची.

बस, एवढंच. जाता जाता तुमच्या मांडीवर जे लेकरू आहे त्याच्याकडे आत्ता बघा. एक ओळ म्हणा, कुठलीही, वाकडीतिकडी. थांबा. ते काय करतंय बघा.

हां, त्या वहिनींचं बाळ टाळी वाजवतंय. आता पुढची ओळ तुमची, वहिनी.